वहीतला काउंटरचा रकाना

निळ्या कापडी बांधणीची एक लांबट वही आमच्या पुण्याच्या घरात अजून आहे. आयुष्यभर बँकेत खतावण्या लिहिलेल्या माणसाने घरातल्या व्हिडिओ कॅसेटींचाही हिशेब तसाच ठेवावा, यात नवल नाही. बाबांनी प्रत्येक पानावर पाच रकाने आखले आहेत: कॅसेट क्रमांक, दिनांक, वाहिनी, तपशील आणि काउंटर. शेवटचा रकाना आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. आमच्या व्हीसीआरवर वेळ दिसत नसे, चार आकडी काउंटर दिसे. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून तो शून्यावर आणायचा, मग टेप सरकेल तसा तो वाढत जायचा. ते आकडे मिनिटांचे नव्हते की सेकंदांचे नव्हते. ते रिळाच्या फेऱ्यांचे होते, त्यामुळे कॅसेटच्या सुरुवातीला भराभर पळत आणि शेवटाकडे मंदावत. 'मैफल, उत्तरार्ध, १४७२' असे वहीत लिहिलेले असले की बाबा बटण दाबून धरत आणि चौदाशे साठच्या आसपास बोट उचलत.

आमच्याकडे केबल आली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. १९९२च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाली, त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या गल्लीतल्या आंब्याच्या फांद्यांवरून आणि गच्च्यांच्या कठड्यांवरून काळ्या वायरींचे जाळे पसरले. 'पे चॅनल' हा शब्द वर्तमानपत्रात येई, पण आमच्यापुरता त्याचा अर्थ दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहणारा मुलगा एवढाच होता. पैसे भरून घ्यायच्या वाहिन्यांचे कुलूप केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्येच उघडले जाई आणि तिथून पुढे सगळे उघडेच आमच्या घरात येई. वायर आधी व्हीसीआरमध्ये, तिथून टीव्हीत. त्यामुळे व्हीसीआर एक वाहिनी टिपत असताना टीव्हीवर दुसरी पाहता येत असे आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नसे. ही सोय किती मोठी होती, हे तेव्हा कळले नाही. ती गेल्यावर कळले.

रेकॉर्डिंग हे मात्र कष्टाचे काम होते. ई-१८० कॅसेटवर तीन तास बसत. निम्म्या वेगाने घेतले तर सहा, पण बाबांच्या मते त्यात 'चित्राचा जीव जातो', म्हणून आमच्याकडे तीनच तास. कॅसेट महाग वाटण्याचे ते दिवस होते, आणि तीन तासांत जाहिराती साठवणे म्हणजे तांदळाबरोबर खडे विकत घेणे, असे बाबांचे मत. म्हणून कार्यक्रम चालू असेपर्यंत ते व्हीसीआरसमोर स्टुलावर बसून राहत. जाहिरात सुरू झाली की पॉज, संपली की पुन्हा पॉज. विश्रांती लांबली तर यंत्र टेप झिजू नये म्हणून आपणहून बंद पडे, आणि मग बाबांची जी धांदल उडे ती पाहण्यासाठी आम्ही भावंडे मुद्दाम तिथे घोटाळत असू. कार्यक्रम मनासारखा टिपला गेला की कॅसेटच्या पाठीची प्लास्टिकची टिकली पेन्सिलीच्या टोकाने मोडायची, म्हणजे त्यावर पुन्हा काही घेता येत नाही. अर्थात त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की सगळे पुन्हा शक्य होते. हे ज्ञान मला दहाव्या वर्षी झाले आणि बाबांच्या एका मैफलीवर मी चित्रपटगीतांचा तासभराचा कार्यक्रम उतरवला. वहीत त्या नोंदीवर एक आडवी रेघ आहे. तेव्हा ते मला एक शब्दही बोलले नाहीत. ती रेघ मात्र पट्टी लावून मारलेली आहे.

दर दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या कॅसेटी एकेक करून शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळल्या जात. पावसाळ्यात रिळांच्या कडांवर पांढरी बुरशी धरते, ती हलत्या टेपवर धरत नाही, अशी बाबांची श्रद्धा होती. श्रद्धा अर्धीच खरी होती, हे पुढे दिसले.

२००९ साली आम्ही केबल सोडून छत्री बसवली आणि त्याबरोबर रेकॉर्डिंगचा डबा घेतला. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले ते बहुधा कोणत्याही कंपनीत घडले असते. या डब्याच्या पोटात हार्ड डिस्क होती आणि छत्रीपासून त्याच्यापर्यंत एकाऐवजी दोन वायरी आल्या होत्या, एक पाहण्यासाठी, एक टिपण्यासाठी. पुढच्या सात दिवसांचे वेळापत्रक पडद्यावर येई. कार्यक्रमावर जाऊन लाल बटण दाबले की झाले. आपण लग्नाला जा, गावाला जा, डबा आपले काम करी. मालिकेवर एकदा खूण केली की रोजचा भाग आपोआप उतरे. चालू कार्यक्रम थांबवून दाराशी आलेल्या माणसाशी बोलता येई आणि परत येऊन तिथूनच पुढे पाहता येई. आईला हे फारच आवडले. कुकरच्या शिट्ट्या आणि मालिकेतले संवाद यांचे तिचे जुने भांडण मिटले.

बाबा मात्र गोंधळले. लिहायला काहीच नव्हते. कॅसेट क्रमांक नाही, काउंटर नाही. तारीख आणि वाहिनी डबाच लिहून ठेवी. पहिल्या आठवड्यात त्यांनी वहीत नोंदी करून पाहिल्या, मग ती कपाटात गेली.

डब्याला न जमणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे पुण्याचा जुलै. डीटीएचचे, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणारे संदेश ज्या लहरींवरून येतात त्यांना मोठ्या पावसाचे थेंब आडवे येतात. आधी चित्राचे चौकोन चौकोन होतात, मग निळा पडदा येतो. समोर बसलेला माणूस उठून जातो. डबा उठत नाही. एकदा आम्ही कोकणातून परतलो तेव्हा त्याने 'सिग्नल उपलब्ध नाही' हा संदेश अखंड एक तास अत्यंत निष्ठेने जतन करून ठेवला होता. बाबा तो तासही लगेच पुसेनात. 'मधे कुठे काही आलं असेल' म्हणून त्यांनी तो दुप्पट वेगाने शेवटपर्यंत पाहिला.

पुसणे हाच त्यांचा अडचणीचा विषय होता. कोपऱ्यात डिस्क किती टक्के भरली हे दिसे, आणि दोनेक वर्षांत तो आकडा ९७वर जाऊन बसला. २ एप्रिल २०११चा विश्वचषकाचा अंतिम सामना पूर्णच्या पूर्ण होता, अगदी डावांच्या मधल्या चर्चेसह. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर सचिनने केलेले निरोपाचे भाषण होते. गायनाच्या स्पर्धा होत्या, कोणा कोणा बुवांच्या मुलाखती होत्या, आणि या सगळ्यांवर 'ठेवा' अशी खूण करून ठेवलेली होती, जेणेकरून नव्यासाठी जागा करताना डब्याने यांना हात लावू नये. नव्यासाठी उरलेल्या तीन टक्क्यांत आईच्या मालिका दाटीवाटीने राहत. आता खरे सांगायचे तर यातले आम्ही जवळजवळ काहीच पुन्हा पाहिले नाही. कॅसेटीच्या काळात तीन तास म्हणजे तीन तास, त्यामुळे काय घ्यायचे हा विचार आधी व्हायचा आणि घेतलेले चार वेळा पाहिले जायचे. डब्यात घेणे इतके सोपे झाले की पाहण्याची जबाबदारी आपण त्याच्यावरच सोपवली. 'रेकॉर्ड केलंय' असे म्हटले की पाहिल्याचे निम्मे समाधान मिळे.

२०१०च्या उन्हाळ्यात डब्यात एक भाग आला, तो मात्र वेगळा होता. संध्याकाळी घरोघरी जाऊन वहिनींना खेळ खेळायला लावणारा आणि जिंकणारीला पैठणी देणारा कार्यक्रम मराठी वाचकाला नावाने सांगायची गरज नाही. तो आमच्या वाड्यात आला आणि खेळणाऱ्या दोघींपैकी एक आमची आई होती. पैठणी शेजारच्या काकूंना मिळाली. प्रसारणाच्या दिवशी दोन्ही आत्या, मावशी आणि निम्मा वाडा आमच्या बाहेरच्या खोलीत बसला होता, आणि डब्यावरचा लाल दिवा लागलेला आहे की नाही हे दर पाच मिनिटांनी कोणी तरी उठून पाहत होते.

डब्यात आहे म्हणजे आपल्याकडे आहे, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. हा समज किती पोकळ आहे याची पहिली जाणीव एका महिन्यात रिचार्ज करायचा राहिला तेव्हा झाली. वाहिन्या बंद होणार हे समजण्यासारखे होते. पण रेकॉर्ड केलेले कार्यक्रमही उघडेनात. यादी दिसत होती, नावे दिसत होती, आईच्या भागाची तारीखही दिसत होती, आणि बटण दाबले की पैसे भरण्याची सूचना येत होती. स्वतःच्या घरातल्या फडताळाला कोणी बाहेरून कुलूप लावावे, तसे ते होते.

कारण पुढे कधीतरी वाचनात आले. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम सांकेतिक रूपात असतो आणि त्याचा उलगडा करणाऱ्या किल्ल्या काही सेकंदांनी बदलत राहतात; आपल्या डब्यातले कार्ड, वर्गणी चालू असेपर्यंत, त्या किल्ल्या पुरवते. असे डबे टिपलेला कार्यक्रम उलगडून साठवत नाहीत, कुलूपबंदच ठेवतात आणि पाहताना उघडतात. म्हणून ती डिस्क काढून संगणकाला जोडली तर तिथे काही वाचता येत नाही, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यात घातली तरी चालत नाही. ज्या स्वस्त डब्यांना पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग घेता येते, त्यांचीही तीच तऱ्हा: पेनड्राइव्ह आपला, पण तो त्या एका डब्यापुरता.

यात मला खटकते ते असे. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा प्रसारण संस्थांना त्यांच्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क देतो. पण त्याच कायद्याचे ३९वे कलम म्हणते की, एखाद्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण हा त्या हक्काचा भंग नव्हे. मूळ कलाकृतीच्या बाबतीत ५२व्या कलमातही खासगी वापराच्या रास्त व्यवहाराला मुभा आहे. २०१२च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले आणि हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. तेही मला मान्य आहे; पैसे भरून घ्यायच्या वाहिन्या चोरून वाटणाऱ्यांना आळा हवाच. परंतु स्टुलावर बसून मैफल टिपणारा निवृत्त कारकून आणि चोरटे प्रक्षेपण विकणारा दुकानदार यांच्यातला जो फरक कायद्याला दिसतो, तो कुलपाला दिसत नाही. कायदा म्हणतो, ठेव. डबा म्हणतो, ठेव, पण माझ्यापाशीच.

हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत सोनीच्या बेटामॅक्स या घरी कार्यक्रम टिपण्याच्या यंत्रावरून चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल दिला की, चालू कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी टिपून ठेवणे हा रास्त वापर आहे. मुलांच्या कार्यक्रमांमुळे घरोघरी माहीत असलेले फ्रेड रॉजर्स यांनी, आपला कार्यक्रम कुटुंबांनी टिपून सोयीच्या वेळी पाहिला तर आपली काहीच हरकत नाही, अशी साक्ष दिली होती आणि न्यायालयाने तिची दखल घेतली. पण हे सारे सवडीने पाहण्याबद्दल झाले. पाहून झाल्यावरही वर्षानुवर्षे जपून ठेवण्याबद्दल त्या निकालाचा जोर तितका नाही, आणि बाबांची वही तर सगळी जपण्याचीच आहे.

जपण्याचा ध्यास कुठवर जाऊ शकतो याचे टोक म्हणजे फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स. ग्रंथपालाचे काम केलेल्या या बाईंनी १९७९पासून २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या अहोरात्र टिपल्या. चोवीस तासांच्या केबल वाहिन्या आल्यावर घरात एकाच वेळी अनेक रेकॉर्डर चालू असत, आणि कॅसेट सहा तासांनी बदलावी लागते म्हणून कुटुंबाचे बाहेर जेवायला जाणेही त्या वेळापत्रकात बसवले जाई. मागे ७० हजारांहून अधिक कॅसेटी राहिल्या, त्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने स्वीकारल्या. मी हे बाबांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: 'लेबलं लावली होती का?' लावली होती, हे ऐकून त्यांना बरे वाटले.

आमचा डबा २०१७च्या सुमारास आतून टिकटिक करू लागला. तक्रार नोंदवल्यावर एक तरुण नवा डबा घेऊन आला, पाच मिनिटांत वायरी बदलल्या आणि जुना डबा पिशवीत घालू लागला.

'यातलं रेकॉर्डिंग?' बाबांनी विचारले.

'ते नाही येत काका नव्यात.'

'मग हा इथेच राहू द्या.'

'जुना जमा करावा लागतो, काका. आणि ठेवून काय करणार? कार्ड बंद झालं की तो उघडणारच नाही.'

मुलाचे काही चुकत नव्हते. त्याने नम्रपणे सही घेतली, नव्या रिमोटचे सेल घालून दिले आणि तो गेला. ९७ टक्के भरलेला डबा त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता. विश्वचषकाचा सामना आणि सचिनचे भाषण यांचे मला काही वाटले नाही. ते आज कुठेही, कधीही पाहायला मिळते. जगाने जे जपले आहे ते आपण नाही जपले तरी चालते. आईच्या भागाचे तसे नव्हते. एका साध्या संध्याकाळचा, पैठणी न मिळालेल्या वहिनींचा तो भाग पुन्हा कोण दाखवणार? मी इंटरनेटवर पुष्कळ शोधला. आसपासच्या तारखांचे काही भाग मिळाले, तो मिळाला नाही.

वही उघडायचे सुचले ते टाळेबंदीच्या काळात. शेवटच्या भरलेल्या पानावर, डब्याच्या पहिल्या आठवड्यातल्या अर्धवट नोंदींच्या खाली, एकच ओळ वेगळ्या शाईत होती: कॅसेट ६१, मे २०१०ची तारीख, आईचे नाव, काउंटर ०००० ते ०९३८. बाबांना विचारले तर ते म्हणाले, 'हो, पिवळी-लाल-पांढरी वायर लावून घेतलं होतं. खात्री असावी म्हणून.' डब्यातून टीव्हीकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या वायरीची वाट त्यांनी व्हीसीआरमधून काढली होती. कुलूप उघडून चित्र टीव्हीकडे निघते त्या शेवटच्या हातभर अंतरात त्यांनी ते पकडले होते. मग इतकी वर्षे बोलला का नाहीत, यावर त्यांचे उत्तर असे की व्हीसीआरचा पट्टा केव्हाच तुटला होता आणि कोणी विचारले नव्हते.

व्हीसीआर दुरुस्त करणारा शोधण्यात वर्ष गेले. नवे यंत्र घेण्याचा प्रश्नच नव्हता. ही यंत्रे बनवणाऱ्या बहुधा शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैमध्येच उत्पादन थांबवले होते. शेवटी पेठेतल्या एका दुकानदाराने कॅसेट खोलली. रिळाच्या कडेला खडीसाखरेच्या पुडीसारखी बुरशी होती. त्याने ती पुसून, टेप दुसऱ्या खोक्यात चढवून, स्वतःच्या व्हीसीआरवरून संगणकात उतरवून दिली. त्याआधी म्हणाला, 'एकदाच चालेल असं समजा.' एकदा चालली. अठरा मिनिटे निघाली.

चित्र थोडे थरथरते, खालच्या कडेला पांढऱ्या रेघांची एक पट्टी सतत नाचते. आईने पहिल्याच मिनिटाला, 'किती जाड दिसतेय मी', असे म्हटले आणि मग गप्प झाली. कॅमेरा आईवर आहे, पण तिच्या मागे खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत आजी बसलेली आहे. आजी पुढच्याच वर्षी गेली. तिला खेळाशी, पाहुण्यांशी, दिव्यांच्या झोताशी काही देणे-घेणे नाही. ती मान खाली घालून मटार सोलते आहे. बाबांनी प्रत्येक जाहिरातीला पॉज दाबल्यामुळे दृश्ये अर्ध्या शब्दावर तुटतात आणि जोडली जातात. एका जोडात आजी खुर्चीत आहे, पुढच्या जोडात खुर्ची रिकामी आहे, त्यानंतरच्या जोडात आजी पुन्हा आली आहे आणि ताटातले मटार वाढले आहेत.

'इथे जाहिरात होती,' बाबा म्हणाले. 'मला वाटतं मी बोट जरा उशिरा उचललं.'

आईने ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले. बाबांना आता फोनवर कार्यक्रम पाहता येतात. त्यातले रेकॉर्डिंगचे बटण कुठे आहे, असे ते अधूनमधून विचारतात, आणि 'डाउनलोड' करून ठेवलेला कार्यक्रम ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसा होतो हे त्यांना अजून पटलेले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी वही मागवली, चष्मा लावला आणि कॅसेट ६१च्या खाली नवी ओळ सुरू केली. क्रमांकाच्या जागी 'पेनड्राइव्ह १' असे लिहिले, दिनांक लिहिला, तपशील लिहिला. मग पेन तसेच वर धरून, काउंटरच्या रकान्यात काय भरायचे, असे त्यांनी मला विचारले.